घाटातलं लोणी

आमच्या घरात पहाटे पहिला आवाज व्हायचा तो दादांच्या पेटीचा. पेटीचा भाता एका कोपऱ्यात फाटलेला होता, त्यामुळे सूर लागायच्या आधी ती म्हाताऱ्या माणसासारखा एक मोठा श्वास घ्यायची, आणि त्या श्वासानेच मला जाग यायची. मग दादा सकाळचं गीत म्हणायचे, आई चुलीपुढून मागची ओळ धरायची, आणि त्या ओळीच्या मध्येमध्ये भाकरी थापल्याचे थप थप आवाज. दादा मिशनच्या शाळेत मास्तर होते. गावात आमची ख्रिस्ती घरं थोडी, बाकी सगळी शेतकऱ्यांची, पण पेटी ऐकू आली की अर्धं गाव उठायचं. पलीकडच्या आळीतून कुणीतरी ओरडायचं, "मास्तर, आज लवकर का वो? आजून कोंबडं बी झोपल्यालं हाय!" दादा गाणं न थांबवता मान हलवायचे. कोंबड्याशी त्यांची स्पर्धा होती, असं आई म्हणायची.

गीत संपलं की माझी पाळी. अंगणात सायकल उभी करून तिच्या दोन्ही चाकांत हवा भरायची. आमचं गाव खडकमाळ डोंगरावर, पठाराच्या अगदी काठाला. खाली खोरं, आणि खोऱ्यातून तिसगावला जाणारी सडक. गावातून त्या सडकेला जायचं तर घाट उतरायचा. घाटाच्या पायथ्याला फाटा, फाट्यावर दूध डेअरी, आणि तिथून पुढे सपाट रस्त्याने तिसगाव, जिथे माझं हायस्कूल. रोज सकाळी दूध घेऊन घाट उतरायचा, डेअरीवर घालायचं, शाळेत जायचं, आणि संध्याकाळी रिकामे कॅन वाजवत घाट चढून घरी यायचं, हा माझा दिवस. चढताना अर्ध्या वाटेत सायकल हातात धरावी लागे. पण चढण संपून पठारावरचा वारा तोंडावर आला आणि कुणाच्या तरी घरातून शेंगोळ्यांच्या लसणाचा वास आला, की पायात पुन्हा बळ यायचं. हिवाळ्यात आई हुलग्याचे शेंगोळे करायची. पातेल्यातला रस्सा इतका तिखट असायचा, की दादा खाताना प्रत्येक घासाला प्रभूचं नाव घ्यायचे.

सायकल मिशनने दादांना वस्त्यांवरच्या शाळा बघायला दिली होती. काळी, जड, सळईच्या ब्रेकची, सीटखाली जाड स्प्रिंगा. दादा तिच्यावरून एकदा म्हसोबाच्या वळणावर निवडुंगात गेले आणि त्यानंतर पायीच वस्त्या फिरू लागले. सायकल माझ्याकडे आली ती एका अटीवर. दादा अट घालताना आवाज चढवत नसत. ते म्हणाले, "शांतवन, दूध लोकांचं आहे. दुधाची एक तक्रार माझ्या कानावर आली, की सायकल भिंतीला टांगीन." आणि त्यांनी भिंतीतला खुंटा दाखवला. तो खुंटा मी रोज बघत होतो.

आता घाटाबद्दल लिहितो. मी आयुष्यात पुष्कळ चांगल्या गोष्टी पाहिल्या, पण सतराव्या वर्षी भल्या सकाळी घाट उतरण्यासारखी दुसरी गोष्ट नाही. गावाची शेवटची बाभळ मागे पडली की रस्ता एकदम खाली वाकायचा आणि सगळं खोरं उघडं व्हायचं. खाली ज्वारीचे तुकडे, मध्ये नदीची वाळू, लांब मढीच्या टेकडीवरचं देऊळ, त्याच्यावर ऊन आधी यायचं आणि आमच्या घाटात नंतर. उतारावर सीताफळीची झाडं, त्यांतून मोर ओरडायचे. पायडल मारायची गरजच नसे. पाय स्थिर, अंग पुढे, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी. ब्रेकच्या रबराचा जळका वास यायला लागला की समजायचं, बरं चाललंय. प्रत्येक खड्डा मला पाठ होता. आता रविवारी पुण्या-नगरकडून पोरं-पोरी त्याच घाटात बारीक चाकांच्या सायकली घेऊन येतात, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर पोपटासारखे कपडे. परवा एकाला मी विचारलं, उतरताना काय वाटतं? तो म्हणाला, "काका, शब्द नाहीत." मला बरं वाटलं. मला वाटत होतं, की एवढ्या वर्षांत मलाच शब्द सापडले नाहीत.

घाटात माझी सोबत म्हणजे सकाळची एसटी. पठारावरच्या पुढच्या गावी ती मुक्कामाला असायची आणि मी निघायचो त्याच सुमाराला खाली यायची. वळणावर तिला थांबत थांबत यावं लागे, मला नाही. तिच्या आधी फाट्यावर पोचलो, तर ड्रायव्हर बाळूमामा मला चहा पाजायचा; ती आधी पोचली, तर खिडकीतून अंगठा हलवून दाखवायचा. दिवाळी झाल्यावर तिसगावच्या तालमीतली मंडळी सायकलची शर्यत भरवणार आहेत, अशी बातमी आली आणि मग मला एसटीच्या मागे राहणं परवडेना. शर्यत बाजारतळावरून निघून आमचा घाट चढणार, पठारावरून जाऊन मागच्या घाटाने उतरणार आणि खोऱ्यातल्या रस्त्याने परत बाजारतळावर. मी रोज जोरात उतरायला लागलो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना हुकांत दुधाचे कॅन. एका कॅनमध्ये आमचं आणि शेजाऱ्यांचं मिळून गळ्यापर्यंत भरलेलं दूध. दुसरा कॅन एकट्या गिरजाआक्काचा.

गिरजाआक्का आमच्या घराच्या मागच्या बाजूला राहायची. नवरा लवकर गेलेला, मुलगा शेतावर, आणि नुकतीच घरात आलेली सून सुमन, तिला दिवस गेलेले. आक्काच्या दोन म्हशी होत्या आणि त्यांच्या दुधाचा तिला असा अभिमान, की कुणी दुधात बोट बुडवून चाटलं तर ती विचारायची, "काय, पेढा लागला न्हवं?" त्या वर्षी एक म्हैस आटत आलेली, त्यामुळे तिचा कॅन अर्धा रिकामा असायचा. आणि घोटाळा झाला तो त्या अर्ध्या कॅनात.

एके दिवशी घाट उतरून मी पुलाजवळच्या चिंचेखाली थांबलो. तिथे बसून भाकरी खायची आणि मग डेअरीवर जायचं, हा माझा रोजचा नेम. आक्काच्या कॅनचं झाकण जरा सैल झालेलं दिसलं म्हणून उघडलं, तर दुधावर पांढरे दाणे तरंगत होते. वाटलं, दूध नासलं. बोटाने एक दाणा उचलून जिभेवर ठेवला आणि कळलं, की हे लोणी आहे. भरलेल्या कॅनात दुधाला हलायला जागा नव्हती, ते गुपचूप बसून यायचं. आक्काच्या कॅनात मात्र ते खड्ड्याखड्ड्याला उसळत होतं, घुसळत होतं. खडकमाळ ते फाटा म्हणजे एक मोठी रवी झाली होती आणि मी तिची दोरी. दुधात लोणी दिसलं तर डेअरीवाले काय म्हणतील या भीतीने मी ते सगळं ओंजळीने काढलं. काढलं तर टाकायचं कुठे? भाकरी समोरच होती.

मी हे लिहिताना हसतोय, हे कबूल करतो. ताजं, किंचित कोमट लोणी, बाजरीची भाकरी आणि आईने दिलेला मिरचीचा खर्डा. त्याच्यापुढे पुढच्या आयुष्यातली जेवणं फिकी वाटली. दुसऱ्या दिवशी मी झाकण स्वतःहून उघडलं. पुढे पुढे तर लोणी चांगलं निघावं म्हणून खड्डा चुकवायचा आळस करू लागलो. शर्यतीच्या तयारीला खुराक हवाच, अशी मनाची समजूतही घातली. हे दूध कुणाचं आहे, याचा विचार मी केला नाही. दूध तर होतंच की कॅनात, तेवढंच.

दुधाची किंमत फॅटवर ठरते, हे मला माहीत होतं. पण लोणी म्हणजेच फॅट, हे दोन आणि दोन मी कधी जोडले नव्हते. जोडले ते डेअरीच्या भाऊसाहेबांनी. फॅट मोजायच्या यंत्रातून आक्काच्या दुधाची बाटली काढून त्यांनी ती उजेडात धरली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मास्तराच्या पोरा, गिरजाबाईला सांग, साय घरी खावी न्हाईतर दूध हितं घालावं. दोनी जमायचं न्हाई. पुन्यांदा असं आलं तर तिचं दूध बंद." रांगेतली माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "तरीच आक्का म्हनती, पेढा हाय पेढा! पेढा घरीच ऱ्हायला व्हय!" माझे कान तापले. सगळं मला त्या क्षणी कळलं. तोंड उघडायचं होतं, पण डोळ्यांपुढे भिंतीतला खुंटा आला. संध्याकाळी मी घाट चढून गावात आलो, तर बातमी माझ्याआधीच वर पोचलेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हवा भरत होतो, तोच आक्का कॅन घेऊन अंगणात आली. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, पदर कमरेला.

"शांतू, कॅरिअर मोकळं हाय का?"

त्या दिवशी आईने आमचं आणि शेजाऱ्यांचंही दूध खव्यासाठी घरीच ठेवलं होतं. मी म्हणालो, "आहे. का?"

"दुधासंगं मी बी येनार. माझी साय मी काढली न्हाई. वाटंत कोन बोका बसलाय, त्यो बघते."

बोका हातात पंप घेऊन तिच्यासमोर उभा होता. मी म्हणालो, "आक्का, तुम्ही कधी सायकलवर बसला नाहीत. पडाल."

"पडले तर दूध आदी धर. मला मागनं."

आई दारात येऊन बघायला लागली, दादांची पेटी मध्येच थांबली. एका बाजूला हुकात कॅन, दुसऱ्या बाजूला पाय सोडून आक्का. काटा बरोबर बसला. सुमन कुडाआडून तोंडाला पदर लावून हसत होती. "आत्या, धरून बसा वो!" आक्का म्हणाली, "काय धरू? ह्या पोराच्या अंगावं धराया मांस तरी हाय का?"

मी ठरवलं होतं, अगदी सावकाश उतरायचं. दूध हललं नाही की लोणी येणार नाही, आणि आक्काला काही दिसणार नाही. दोन्ही ब्रेक आवळून मी घाटात शिरलो. पहिल्या वळणापर्यंत आक्का देवाचं नाव घेत होती. दुसऱ्या वळणावर तिने डोळे उघडले असावेत, कारण ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आगं बया. हे समदं रोज दिसतं व्हय रं तुला?" जन्मभर ती त्या घाटातून डोक्यावर ओझं घेऊन उतरलेली. ओझ्याखाली मान वर करता येत नाही, माणूस पायापुढचं बघतो. तिने खोरं असं कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने मात्र नेहमीची आक्का परत आली.

"हे काय चाललंय? ह्याच्यापरीस माझी आटल्याली म्हस जोरात चालती."

"दूध सांडेल, आक्का."

तेवढ्यात मागून एसटीचा भोंगा वाजला. मी कडेला घ्यायला लागलो.

"तिला म्होरं जाऊ द्यायाचं का?"

"जाऊ देऊ."

"का? तिचं काय तान्हं पोर रडतंय घरी? सोड म्हनते ना, सोड!"

मी ब्रेक सोडले. अजूनही मला ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण सुखाचा. दोन माणसांचं वजन, जड सायकल, सरळ उतार. वारा असा लागला, की आक्काचा पदर कमरेतून सुटून मागे झेंड्यासारखा उडाला. तिने माझ्या सदऱ्याला दोन्ही मुठींनी धरलं आणि लहान मुलीसारखी किंचाळली. मला वाटलं, घाबरली. मी ब्रेकला हात घातला, तर पाठीत गुद्दा बसला. "थांबू नगंस!" म्हसोबाच्या वळणावर एसटी आमच्या बरोबरीला आली. बाळूमामाने खिडकीतून डोकं काढलं. "आरं शांतू, ह्यो कंचा माल आज?"

"म्हशीवाली हाय!" आक्का ओरडली. "तुझा डबा बाजूला घे, आमाला उशीर हुतोय!"

एसटीतली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांना आली. बाळूमामाने हसत हसत खरोखरच ब्रेक दाबला, आणि आम्ही पुढे निघालो. उरलेला सगळा घाट आक्का हसत होती. हसता हसता तिला उचकी लागली.

मी तसाच डेअरीवर जाणार होतो, पण आक्काने पुलाजवळ थांबवलं. "हाडं मोजू दे, समदी हायेत का." ती चिंचेखाली बसली, दम घेतला, आणि मग कॅनकडे वळून झाकण काढलं. मी दुसरीकडे बघत होतो. शेवटी मी मान वळवली. तिच्या तळहातावर लोण्याचा गोळा होता, ताक करणाऱ्या बाईने सवयीने दाबून गोल केलेला. ती गोळ्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग हँडलला बांधलेल्या माझ्या भाकरीच्या फडक्याकडे. त्या फडक्याला कालच्या लोण्याचे डाग होते.

"रोज?"

"रोज नाही," मी म्हणालो आणि मला रडू यायला लागलं.

आक्काने कपाळाला हात लावला. "जल्मभर रवीची दोरी वढून माझं खांदं गेलं, आन् हे बेनं सायकलीवं बसून लोनी काढतंय!" आणि ती इतकी हसली, की चिंचेवरचे पोपट उडाले. मग भाकरी मोडून अर्धी तिने घेतली, अर्धी मला दिली, आणि लोणी दोन्हींवर सारखं फासलं. घासाच्या मध्ये म्हणाली, "मास्तरांना कळलं तर?"

"सायकल टांगून ठेवतील. शर्यत जाईल."

"कवा हाय शर्यत?"

"दिवाळी झाली की."

ती चावत राहिली. "तवर मी सायचोर ऱ्हाते. शर्यत झाली का तू सोता सांगायचं. माझ्या म्होरं, समद्या गावात. सांगशील?"

मी म्हणालो, "सांगेन." प्रभूची शपथ घेतली. ती म्हणाली, "त्याला कशाला मधी घालतो. तू सांगतो म्हनला, झालं."

डेअरीवर त्या दिवशीही फॅट कमीच भरलं. भाऊसाहेब म्हणाले, "आता तर आक्का तुमी सोता आलाय." आक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर नीट करत म्हणाली, "व्हय, काढली साय. सून पोटुशी हाय, तिला डोहाळं लागल्यात, तिला घातली. चुकलं. आता न्हाई व्हायचं." एवढं सहज, की माझासुद्धा विश्वास बसला असता. त्या दिवसापासून तिने कॅनात धुतलेलं गव्हाचं काड टाकायला शिकवलं, काड तरंगत राहिलं की दूध उसळत नाही. आणि मीही खड्डे चुकवत उतरू लागलो, दूध न हलवता, तरीही जोरात. हे जास्त अवघड होतं, आणि जास्त मजेचंही. फॅट लगेच वर गेलं. भाऊसाहेब सगळ्यांना सांगू लागले, "बघा, पकडल्याव कसं सुधारलं!" म्हणजे आक्काचं दूध जितकं चांगलं येई, तितकी तिची चोरी पक्की होत गेली. विहिरीवर बाया सुमनला म्हणायच्या, "तोंड लई गुळगुळीत दिसतंय गं, खाती का चोळती साय?" हे मी घराच्या मागून ऐकायचो. सुमन घागर उचलून निघायची.

शर्यतीचा दिवस उजाडला. बाजारतळावर एवढ्या सायकली मी कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या, आणि माझ्यासारखी जड सायकल त्यांत एकही नव्हती. घाट चढताना मी पार मागे पडलो. पठारावर वारा आडवा होता, तिथे थोडे जण मागे टाकले. पण मागचा घाट सुरू झाला आणि मला एकदम हलकं वाटलं. पुढची पोरं ब्रेक दाबत, उडत, हँडल सावरत उतरत होती. माझ्या कॅरिअरला कॅन नव्हते, तरी मी असा उतरलो जसं मागे गळ्यापर्यंत दूध आहे आणि त्याचा थेंब हलता कामा नये. हादरा नाही, धक्का नाही, चाक रस्त्याला चिकटलेलं. एकेक जण मागे जात राहिला. खोऱ्यातल्या सपाट रस्त्याला लागलो, तेव्हा पुढे कुणी नव्हतं. ज्वारीच्या राखणीला बसलेल्या बाया माळ्यावरून गोफण फिरवून ओरडत होत्या, आणि तिसगावच्या वेशीत बाळूमामाची एसटी उभी राहून भोंगा वाजवत होती.

त्या संध्याकाळी गावाने शाळेपुढे सभा भरवली. दादांनी पेटी बाहेर आणली. त्यांनी माझं कौतुक कधी केलं नव्हतं. त्या दिवशीही तोंडाने केलं नाही, पण माझ्या हातातला शर्यतीचा कप त्यांनी दोनदा पुसला. भाऊसाहेब फाट्यावरून मुद्दाम आले होते. ते भाषणात म्हणाले, "हा पोरगा रोज आमच्याकडं दूध आनतो. कुनाच्या दुधात काय बी आसू द्या, ह्याच्या हातनं थेंब हिकडचा तिकडं झाला न्हाई." सगळे हसले आणि बायकांच्या घोळक्याकडे बघायला लागले. तिथे आक्का उभी होती, तिच्यामागे सुमन, पोट दिसू लागलेलं. मग मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. आक्का माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, घाईने नाही. नुसती भुवई जराशी वर. दादा पेटीवर हात ठेवून बसले होते, आणि त्यांचा चेहरा तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो.

आक्का पुढे आली. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली, आणि घरी गेली. पुढे तिने मला एकदाही विचारलं नाही. रोज कॅन आणून द्यायची, तशीच थट्टा करायची. मला वाटायचं, उद्या सांगू. मग मी शिकायला नगरला गेलो, तिथेच शाळेत लागलो, लग्न, मुलं. सुट्टीत गावी आलो की आक्का म्हणायची, "काय रं बोक्या," आणि लोक समजायचे, हे लाडाचं नाव आहे. ती गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. गेलो नाही. पेपर हे कारण नव्हतं.

या हिवाळ्यात मी खडकमाळला गेलो. नातवाने गाडीतून घाट चढवून नेलं. सुमनवहिनी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. केस पांढरे, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, लोणी, चिंच, दिलेला शब्द. त्यांचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. आत्यानं मरायच्या आदी सांगितलं. लई हसत सांगायची वो, एसटीचं. तिनं तुमाला कवाच माफ केल्तं."

मी म्हणालो, "बरं वाटलं ऐकून."

"तिनं केल्तं," वहिनी म्हणाल्या. आता हात थांबले. "सायकलीव ती बसल्ती. मजा तिनं केली. लोनी तुमी दोगांनी खाल्लं. आन् डोहाळं माझं लागलं. समद्या गावात मी खादाड झाले. पोरगं झालं तर बाया म्हनल्या, सायीचं हाय. मी त्या सायीचं बोट चाटलं न्हाई कवा. मला इचारलं का कुनी?"

इतकी वर्षं मी एकाच माणसाचं ओझं वाहत होतो, आणि ते चुकीच्या दारात उतरवायला आलो होतो. मी म्हणालो, "वहिनी, काय करू सांगा."

"मला न्हाई सांगायचं. मला कशाला? ज्यांनी ऐकलं न्हाई त्यांना सांगायचं." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि चपला शोधल्या. "चला. दुधाची येळ झालीच हाय."

डेअरी आता गावातच आहे. यंत्रात दुधाचा थेंब गेला की पडद्यावर फॅटचा आकडा येतो. पोरं मोटारसायकलींवर कॅन घेऊन उभी होती, बहुतेकांच्या हातात मोबाईल. वहिनींनी काउंटरवर थाप मारली. "आरं, जरा ऐका. हे मास्तर काय सांगत्यात." मी सुरुवात केली. मग पोरांनी मोबाईल खाली केले, आणि लोण्याचं आलं तेव्हा हसली. वहिनी मध्येच मला दुरुस्त करत होत्या. "गोळा न्हाई, चांगलं वाटीभर निघायचं म्हनायची आत्या. आन् माझं नाव घ्या. सून सून काय लावलंय?" मी नाव घेतलं. सुमनने साय खाल्ली नव्हती, ती मी खाल्ली, असं स्पष्ट म्हणालो. काठी टेकून दूध घालायला आलेली एक म्हातारी पुढे सरकली आणि वहिनींकडे नीट बघून म्हणाली, "आगं, खरंच व्हय? मी बी बोलल्ये आसंल तुला, हिरीवर." वहिनी म्हणाल्या, "बोलल्यीस की. लई बोलल्यीस." आणि दोघी हसल्या.

माझं संपलं. घाम आला होता. मी वळणार, तोच बाहेर आणखी दोन मोटारसायकली येऊन थांबल्या आणि वहिनींनी माझा दंड धरला.

"थांबा. ही आत्ता आल्यात, ह्यांनी ऐकलं न्हाई. पयल्यापासनं सांगा."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.